गोगलगाय अडखळता कामा नये

गोगलगाय अडखळायची शेवटी थांबली. अळवाच्या पानावरून थेंब घरंगळावा तशी ती मोबाइलच्या पडद्यावरून या टोकापासून त्या टोकाला गेली. कंपनीत टाळ्या वाजल्या, साहेबांनी कौतुकाचं भाषण केलं आणि भाषण संपेपर्यंत कुणीही उठून गेलं नाही. आता हे काही घडलंच नाही असं समजून वाचकांनी पुढे वाचावं. कंपनीतही सगळे तसंच समजून वागतात.

तर सोमवारी सकाळी साहेबांनी आपला फोन लोणीच्या टेबलावर ठेवला आणि विचारलं, "ही काय करतेय?"

"चालतेय, साहेब."

"ही चालतेय? अरे, हिला उचकी लागलीये!"

लोणी हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हतं. कंपनी अ‍ॅप बनवायची आणि अ‍ॅपमध्ये जे जे हलतं, सरकतं, उघडतं, मिटतं ते सगळं याच्याकडे असायचं. ते लोण्यासारखं सरकलं पाहिजे, असं तो दर वाक्याला म्हणायचा, म्हणून लोणी. घरीही त्याचं हेच. घरातल्या सगळ्या ड्रॉवरना त्याने मेण चोळून ठेवलं होतं. त्यामुळे चमचा घ्यायला ड्रॉवर ओढला की तो ओढणाऱ्याच्या थेट पोटात यायचा. पण येताना आवाज करायचा नाही.

गोगलगाय ज्या अ‍ॅपमध्ये होती ते दातांच्या एका दवाखान्याचं होतं. पूर्वी तिथे काउंटरवरच्या मावशी नावं पुकारायच्या. मावशींचा आवाज असा, की एकदा त्यांनी बाहेर नाव पुकारलं आणि आत खुर्चीत बसलेल्या माणसाने दचकून डॉक्टरबाईंच्या बोटाला कडकडून चावा घेतला. त्या दिवसापासून डॉक्टरबाईंनी हुकूम काढला, की दवाखान्यात पुकारा नको, घंटा नको, काही नको. पेशंटने आपल्या फोनकडे बघत बसायचं. पडद्यावर डावीकडून एक गोगलगाय निघते आणि उजवीकडच्या कोबीच्या पानाकडे जाते. ती पानाला पोचली की तुमचा नंबर आला. गुपचूप उठायचं आणि आत जायचं. गोगलगायच का, तर डॉक्टरबाईंचं म्हणणं असं, की गोगलगाय बघितल्यावर "अजून किती वेळ?" असं विचारायची कुणाची छाती होत नाही.

महिनाभर हे अ‍ॅप सुरळीत चालू होतं. गोगलगाय अडखळते अशी एकाही पेशंटची तक्रार नव्हती. दाढ ठणकत असताना माणूस गोगलगाईच्या चालीला नावं ठेवत नाही. पण साहेब रविवारी स्वतः दात साफ करून घ्यायला गेले आणि त्यांना ती दिसली.

"माझ्या फोनवर तर मस्त चालते," लोणी म्हणाला.

"मग काय, पेशंटना तुझा फोन फिरवायला देऊ?" साहेब म्हणाले. "हे बघ. शनिवारी दवाखान्यात नवीन गोगलगाय चालू करायची. डॉक्टरबाईंना मी शब्द दिलाय. ती अडखळली, तर गोगलगाय जाईल आणि तिथे साधा आकडा येईल. आणि तू जिन्याखाली जाशील."

जिन्याखाली तक्रारींचा फोन होता. तिथे एक टेबल, एक खुर्ची आणि आधीच्या माणसाने भिंतीवर नखाने ओढलेल्या रेघा होत्या. तो माणूस आता घरी जेवायला बोलावलं तरी "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे" असं म्हणतो.

लोणीने गोगलगाईकडे बघितलं. ती त्याने स्वतः घडवली होती. शिंगं लववून, मान पुढे काढून, पोटाखाली एक नाजूक लाट सोडत जाणारी. हिच्या जागी आकडा? तो पेटून उठला. म्हणजे खुर्चीतच बसून होता, पण आतून उठला.

तो थेट शंकाताईंकडे गेला. शंकाताईंचं काम दुसऱ्यांनी केलेल्या कामात खोट काढणं. हे काम त्या पगाराशिवायही करत असत.

"ताई, तुमच्या फोनवर कशी चालते?"

"बरी चालते. म्हणूनच मला शंका येतेय." त्यांनी चष्मा वर केला. "चांगल्या फोनवर काय, कुणीही चालेल. तुझ्या माहितीतला सगळ्यात रद्दी फोन घेऊन ये. त्याच्यावर चालली तर म्हणू चालली."

लोणीला विचार करावा लागला नाही. असा फोन त्याच्या घरातच होता.

बाबांच्या फोनची काच फुटली होती आणि ती चिकटपट्टीने धरून ठेवली होती. आत जागा म्हणून नव्हती, कारण सकाळी सकाळी लोक पाठवतात ती गुलाबाची फुलं बाबांनी वर्षानुवर्षं सांभाळून ठेवली होती. एखादं तरी खोडा म्हटलं की ते म्हणायचे, "माणसाने प्रेमाने पाठवलंय, खोडू कसं?"

"बाबा, तुमचा फोन द्या ना आठवडाभर."

"का? तुझा बिघडला?"

"नाही. तुमचा वाईट आहे म्हणून पाहिजे."

बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं. "माझा फोन वाईट?"

"अत्यंत. बाबा, असा फोन आता शोधून मिळत नाही."

हे कौतुक आहे की अपमान, यावर बाबा विचार करत असताना आई आतून म्हणाली, "फोन देतील ते. पण शनिवारी त्याच दवाखान्यात जाऊन दाढही दाखवतील. दिवाळखोराने सावकार टाळावा तसा डॉक्टर टाळतायत कधीचे. रोज डाव्या बाजूने चावतात आणि मला सांगतात, सवय आहे म्हणून."

"सवयच आहे," बाबा डाव्या बाजूने म्हणाले.

पण सौदा ठरला. लोणीचा चांगला फोन बाबांकडे आणि बाबांचा फोन लोणीकडे. शनिवारी बाबा आपला फोन घेऊन पेशंट म्हणून दवाखान्यात बसणार.

ऑफिसात त्या फोनवर गोगलगाय सुरू केली. ती निघाली, थांबली, बराच वेळ कसल्यातरी विचारात उभी राहिली आणि एकदम पडद्याच्या मध्यावर दिसली. मग पुन्हा थांबली आणि थेट कोबीवर. ती चालत नव्हती, तिची बदली होत होती.

आता यात गोम अशी असते, की पडद्यावर काहीच खरोखर हलत नाही. एका सेकंदात साठ वेळा नवं चित्र काढलं जातं, दर वेळी किंचित पुढचं, आणि आपल्या डोळ्यांना वाटतं हललं. एखादं चित्र वेळेत काढून झालं नाही, की जुनंच चित्र पुढे राहतं आणि डोळ्याला ठेच लागते. म्हणजे बिचाऱ्या फोनला दर चित्रामागे काम किती पडतंय, हे शोधायचं आणि फालतू काम काढून टाकायचं. लोणीने कंबर कसली.

आधी सापडली ती शंखाची सावली. ऊन कुठून येतं, सावली कुठे पडेल, हे सगळं फोन दर चित्राला नव्याने मोजत होता. दवाखान्यात ऊन येत नाही. लोणीने सावली एकदाच काढून शंखाला चिकटवून टाकली. मग सापडला गोगलगाईच्या मागचा चमचमता ओला पट्टा. त्यातला प्रत्येक ठिपका स्वतंत्रपणे चमकत होता. लोणीने सगळ्यांना मिळून एकदाच चमकायला सांगितलं.

तरीही ती अडखळेच. मग लोणीने पडद्यावरचे थर एकेक करून उचलून बघितले आणि पांढऱ्या पार्श्वभूमीच्या मागे त्याला चक्क एक बाग सापडली. गवत डुलत होतं. फुलपाखरं होती. एक कारंजं होतं. तो चित्रकाराच्या टेबलापाशी गेला.

"ही बाग कुणाची?"

चित्रकाराचा चेहरा खुलला. "बघितलीस? कशी झालीये?"

"अरे, पण ती पांढऱ्या रंगाच्या मागे आहे. दिसत नाही कुणाला!"

"साहेबांना बाग नको होती. म्हणाले, मागे पांढरं लाव. मी लावलं."

"मग बाग काढायची ना!"

"का? ती काय कुणाला दिसत होती?"

"फोनला दिसते ना! बिचारा दर वेळी आख्खी बाग रंगवतो, कारंजं उडवतो, मग त्यावर पांढरा रंग फासतो आणि मग गोगलगाईकडे वळतो. दमून जातो तो!"

"कलेसाठी कुणीतरी दमलंच पाहिजे," चित्रकार म्हणाला. शेवटी बाग काढली गेली. चित्रकार दुपारी जेवला नाही. निषेध म्हणून नाही, डबा विसरला होता; पण त्याने निषेधाचंही श्रेय घेतलं.

आता गोगलगाय बाबांच्या फोनवरही झकास चालू लागली. लोणी फोन मिरवत शंकाताईंकडे गेला. त्यांनी फोन हातात घेतला आणि नाक मुरडलं.

"गार आहे."

"म्हणजे?"

"फोन गार आहे रे. दातांच्या दवाखान्यात माणूस काय करतो? घाबरतो. घाबरला की फोन मुठीत आवळून बसतो. फोन तापतो. तापला की तो जीव वाचवायला काम हळू करतो. तू इथे पंख्याखाली बसून काय बघतोयस?"

हे बिनतोड होतं. मग फोन तापवायची मोहीम सुरू झाली. आधी तो चहाच्या यंत्रावर ठेवला, पण तिथे तो इतका तापला की त्याने स्वतःहून दोन गुलाब कुणालातरी पाठवले. मग सगळ्यांनी आळीपाळीने मुठीत धरून बघितला, पण कुणाचीच मूठ पुरेशी घाबरेना. एवढ्यात हिशेबनीस आले. ते तापाने फणफणले होते आणि रजा मागायला आले होते.

"या, बसा, बसा!" लोणी धावत गेला. "ताप किती आहे? छान! हा फोन जरा धरा."

"अहो, मला घरी जायचंय."

"जा की. गोगलगाय पानापर्यंत पोचली की जा."

हिशेबनीस संध्याकाळपर्यंत धरून बसले. त्यांच्या हातात गोगलगाय दोनदा अडखळली. लोणीने आणखी कामं काढली. शिंगांची लवलव निम्मी केली. कोबीच्या शिरा पुसल्या. दुसऱ्या दिवशी हिशेबनीस बरे होऊन आले, तेव्हा लोणीने त्यांच्याकडे अशा नजरेने बघितलं की ते पुन्हा घरी निघून गेले.

आणि तरी एक ठेच राहिलीच. आत एखादा पेशंट खुर्चीतून उठला की बाहेर सगळ्यांच्या फोनवर ती बातमी यायची आणि प्रत्येकाची गोगलगाय एकदम एक पाऊल पुढे उडी घ्यायची. टुणकन. ही ठेच फोनच्या दमण्याची नव्हती. ती तशीच ठरवलेली होती. शहाणा माणूस इथे थांबला असता.

"पाऊल?" लोणी सगळ्यांना उद्देशून म्हणाला. "गोगलगाय पाऊल टाकते? तिला पाय आहेत का?"

शंकाताईंनी चष्मा वर करून गोगलगाईच्या पोटाखाली बघितलं. पाय नव्हते. मग लोणीने ते पाऊलच काढून टाकलं. एका पेशंटला साधारण किती वेळ लागतो याचा अंदाज बांधला आणि तेवढ्या वेळात ते अंतर बारीक बारीक करून असं पसरलं, की गोगलगाय कुठेही न थांबता, कुठेही न उडता, अखंड पुढे जात राहावी. शुक्रवारी ती पानापर्यंत पोचली तेव्हा टाळ्या वाजल्या, भाषण झालं वगैरे वगैरे. पण ते घडलंच नाही असं आपलं ठरलंय.

शनिवारी सकाळी दवाखान्याची बसायची खोली भरली होती. साहेब नवा शर्ट घालून आले होते. बाबा कोपऱ्यात, आपला फोन मुठीत आवळून, उजवा गाल हाताने झाकून बसले होते. काउंटरवर मावशी ओठ घट्ट मिटून होत्या. लोणी सगळ्यांच्या मागे उभा राहून खांद्यांवरून पडदे बघत होता. प्रत्येक पडद्यावर गोगलगाय आणि प्रत्येक गोगलगाय लोणी. त्याचे डोळे भरून आले.

थोड्या वेळाने एका बसड्रायव्हरने शेजारच्या शाळेतल्या बाईंना विचारलं, "बाई, तुमची हलली का हो?"

"नाही. तुमची?"

"माझी तर ठार झोपलीये."

"मागच्या वेळी बरी टुणकन उडायची," बाई म्हणाल्या. "उडाली की कळायचं, आतून एक जण सुटला."

लोणी पुढे सरसावला. "हलतेय, हलतेय. सगळ्यांची हलतेय. नीट बघा."

"कुठे हलतेय?" ड्रायव्हर म्हणाला. "मी बस चालवतो, साहेब. हललेलं मला कळतं."

"ती इतकी सलग चालतेय की चालताना दिसत नाही! मघाशी ती इथे होती बघा, या चिकटपट्टीच्या... नाही, ते बाबांच्या फोनवर. पण मघाशी मागे होती."

"मघाशी कुणी बघितलंय?" शाळेतल्या बाईंनी विचारलं. वर्गातल्या सगळ्यात मागच्या बाकाला विचारतात त्या सुरात.

"अ‍ॅप बंद पडलंय," ड्रायव्हरने निकाल दिला. "रेंज नसेल इथे. मी खाली जाऊन बघतो."

एक जण रेंज शोधायला गेला की इतरांना आपलीही रेंज गेल्यासारखी वाटते. बाई उठल्या. त्यांच्यामागे बाकीचे उठले. "बाबा, तुम्ही तरी बसा," लोणी म्हणाला. "सगळे गेले तर मी एकटा बसून कसं दिसेल?" असं म्हणून बाबा सगळ्यांच्या पुढे गेले. जिना उतरताना त्यांच्या चालीत जो उत्साह होता तो निवृत्तीनंतर प्रथमच दिसत होता.

खोलीत साहेब, लोणी आणि मावशी उरले. रस्त्यावर सगळा घोळका फोन उंच धरून आभाळाकडे बघत उभा होता. आणि नेमकी त्याच वेळी ड्रायव्हरची गोगलगाय अत्यंत डौलाने, कुठलाही धक्का न देता, कोबीच्या पानाला लागली. डोक्याच्या वर हात ताणून धरलेल्या फोनवर.

आत डॉक्टरबाई हातमोजे घालून वाट बघत राहिल्या. ड्रायव्हर येईना, त्यामुळे रांग सरकेना. रांग सरकेना, त्यामुळे बाकीच्यांच्या गोगलगाई जिथे होत्या तिथे खरोखरच उभ्या राहिल्या. ड्रायव्हर वर आला आणि त्याने पडद्याकडे न बघता दारातूनच फोन नाचवला.

"बघा, खाली सगळ्यांच्या बंद पडल्यात. मी म्हणत नव्हतो?"

"आत्ता थांबल्यात त्या! तुम्ही खाली गेलात म्हणून!"

"म्हणजे थांबल्यात ना?"

"हो, पण मघाशी..."

"झालं तर मग. मी गॅरेजला जाऊन येतो." आणि तो पुन्हा खाली गेला.

डॉक्टरबाई बाहेर आल्या. त्यांनी रिकाम्या खुर्च्यांकडे बघितलं. "पेशंट कुठे गेले?"

मावशींनी बोटाने खाली दाखवलं.

"बोलवा त्यांना."

मावशी अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "ओरडू?"

डॉक्टरबाईंनी आपल्या बोटाकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. "ओरडा."

मावशी गॅलरीत गेल्या. महिनाभराचा साठलेला आवाज त्यांनी एका दमात सोडला. सगळा घोळका धडपडत वर आला. त्यांच्याबरोबर दुसऱ्या इमारतीतल्या शिंप्याकडची दोन माणसंही आली. त्यांना दातांचा काही त्रास नव्हता, पण नाही म्हणायचं धाडस झालं नाही. फक्त बाबा आले नाहीत. ते घरी पोचले होते.

"ती आधीची अडखळणारी कुठे गेली?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"बाई, तो दोष होता," साहेब म्हणाले. "आम्ही काढला."

"तो परत घाला. बुधवारपर्यंत."

"बुधवारपर्यंत म्हणजे काय, बाई, अडखळणं हा तर आमचा हातखंडा," साहेब म्हणाले आणि लोणीकडे वळले. "ऐकलंस ना? अडखळली पाहिजे. नाहीतर जिना."

लोणीने अडखळवायला जीव लावला. रविवार गेला, सोमवार गेला. मंगळवारी त्याने शंकाताईंना दाखवली. गोगलगाय निघाली, मध्येच थबकली, मान किंचित वळवून पुन्हा पुढे झाली.

"ही अडखळत नाहीये," शंकाताई म्हणाल्या. "ही लाजतेय."

त्याने पुन्हा केली.

"आता मुरडतेय."

त्याने दात-ओठ खाऊन तिला सरळ उडी मारायला लावली. तिने अशी उडी मारली, की शंकाताईंनी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या कामाला नकळत टाळी दिली आणि मग ती मागे घेतली.

"अरे, साधं अडखळायला येत नाही तुला?" साहेब कळवळून म्हणाले. "मी बोलताना अडखळतो, चित्रकार चालताना अडखळतो, ही आख्खी कंपनी अडखळत इथवर आलीये!"

"साहेब, आतून येत नाही."

"मग हिला काढून आकडा घालू?"

"तिला हात लावायचा नाही," लोणी म्हणाला. "अडखळवणारा माणूस मिळेपर्यंत ती आहे तशी चालेल. मी जिन्याखाली जातो."

आणि तो गेला. स्वतःची खुर्ची स्वतः ढकलत गेला. चाकांना मेण होतं, आवाज आला नाही. कंपनीने अडखळवणाऱ्याची जाहिरात दिली. उमेदवार बरेच आले, पण मुलाखतीत सगळे आपण किती सफाईदार काम करतो तेच सांगत बसले. म्हणून अजून तीच गोगलगाय चालू आहे.

अ‍ॅपवर लोकांनी मतं लिहिली आहेत. त्यातलं चांगलं मत एकच, लोणीच्या बाबांचं: "उत्तम अ‍ॅप. नंबर येऊन गेला तरी कळत नाही. दाढ अजून जागेवर आहे. पाच तारे. घरी सांगू नये." बाकी सगळी मतं एकाच आशयाची असतात आणि मग तीच माणसं जिन्याखालच्या फोनवरही तेच सांगतात, की हलत नाही. लोणी प्रत्येकाला सांगतो, हलते. ते म्हणतात, दाखवा. फोनवरून दाखवता येत नाही. तेव्हा त्याने तक्रार विभागाच्या अधिकारात एक निवेदन काढलं आणि गोगलगाय निघण्याआधी ते प्रत्येक पेशंटच्या पडद्यावर दिसेल अशी व्यवस्था केली. ते अत्यंत सफाईने सरकत वर येतं. त्यात लिहिलं आहे:

"सर्व संबंधित रुग्णांस कळविण्यात येते की, गोगलगाय हलत असून तिच्या हालचालीत कोणताही खंड नाही. तथापि रुग्णांच्या पापण्या वारंवार लवत असल्याने सदर हालचाल त्यांच्या निदर्शनास येत नाही, असे या विभागाच्या लक्षात आले आहे. तरी सर्व रुग्णांनी आपला क्रमांक येईपर्यंत पापणी लवू देऊ नये. पापणी लवणे अगदीच अपरिहार्य असल्यास तसा लेखी अर्ज, कारणासह, पापणी लवण्याच्या किमान एक दिवस आधी जिन्याखाली सादर करावा, ही विनंती."